बोली संपल्यावरचा शब्द

इंदापूरच्या एका व्यापारी कुटुंबाने दिवाळीनंतर आपली जुनी डाळमिल बंद केली. दोन रोलर, चाळण्या, एलिवेटर आणि पंधरा अश्वशक्तीची मोटार असा सारा संच धाकट्या चिरंजीवांनी ऑनलाइन लिलावाच्या एका संकेतस्थळावर विक्रीस ठेवला. किमान किंमत टाकली तर लोक फिरकतच नाहीत, असे कोणीतरी सांगितल्यावरून ती टाकली नाही. घरात अपेक्षा चार लाखांची होती. मंगळवारी रात्री नऊ वाजता मुदत संपली, तेव्हा सर्वांत वरची बोली होती १,६२,००० रुपयांची, करमाळ्याच्या एका गृहस्थांची. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या यंत्रांचा व्यवहार करणाऱ्या अकलूजच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. २,६०,००० रुपये देतो, आजच टेम्पो पाठवतो, असे त्याचे म्हणणे.

मुलाचे म्हणणे असे पडले की, संकेतस्थळावर ‘यंत्र नादुरुस्त झाले’ एवढे कारण नोंदवावे आणि विक्री रद्द करावी. वडिलांनी काही न बोलता करमाळ्यास फोन लावला आणि ‘माल केव्हा नेता?’ एवढेच विचारले. संच गेला. ९८,००० रुपयांचा वाद मात्र त्या घरात अद्याप मिटलेला नाही. कुटुंबाच्या संमतीने, नाव न देता, हा प्रसंग येथे मांडीत आहे. चिरंजीवांनी मला विचारले, “काका, तुम्ही बँकेत एवढे लिलाव केलेत. खरं सांगा, पप्पांनी केलं ते बरोबर, की नुसता भाबडेपणा?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजातील किती तरी घरांत आज जुनी वाहने, यंत्रे, फर्निचर, पडून राहिलेला माल, क्वचित दुकानाचा गाळासुद्धा अशा ऑनलाइन बोलीने विकला जातो. तेव्हा कमी किमतीला संपलेली बोली विकणाऱ्याने पाळावी काय, आणि पाळावी तर कोणत्या मर्यादेपर्यंत, याचा थोडा विस्ताराने विचार करू.

बोली ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. पर्युषणात स्वप्नांची बोली होते, आरतीची होते. अभिषेकाचा मान बोलीने दिला जातो. कोणी चढावा म्हणतात, कोणी सवाल म्हणतात, आणि कित्येक मंदिरांत आजही रक्कम रुपयांऐवजी तुपाच्या मणांत बोलली जाते. तीन वेळा पुकारा होतो आणि मग आदेश दिला जातो. आदेश दिल्यावर मागच्या रांगेतून एखादे श्रीमंत गृहस्थ उठून ‘माझे दुप्पट लिहा’ म्हणाले, तर विश्वस्त काय करतात? हात जोडून ‘पुढच्या वर्षी’ म्हणतात. एखाद्या वर्षी पाऊस असतो, मंडळी कमी जमतात, आणि मोठा मान थोडक्या मणांत एखाद्या साध्या नोकरदार कुटुंबाकडे जातो. त्या कुटुंबाला ‘बोली फारच कमी झाली, पुन्हा घेऊ’ असे कोणी म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही. देवद्रव्याचे नुकसान झाले अशी तक्रारही कोणी करीत नाही. आदेशाने व्यवहार पुरा झाला, हे लहान मुलालाही कळते.

बाजारातही हीच रीत आहे. इंदापूरला उजनीच्या मासळीचा लिलाव होतो. आपल्या घरांचा त्या मालाशी संबंध नाही, परंतु लिलावाची रीत म्हणून पाहिले तर तेथे क्षणाक्षणाला सौदा तुटतो आणि तुटलेला सौदा मोडत नाही. सुप्याच्या उपबाजारात चिंचेचे ढीग बोलीने जातात. जुन्या काळी अनेक बाजारांत हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरे. त्या पद्धतीत शेतकऱ्याला भाव कळतच नसे, म्हणून ती गेली हे उत्तमच झाले. तिच्या जागी उघड लिलाव आला, आणि आता पडद्यावरची बोली आली. राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे आपण ज्याला ई-नाम म्हणतो, ती व्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. बारामतीच्या बाजार समितीत रेशीम कोषांचा लिलावही ऑनलाइन होतो.

ई-नामची एक तरतूद येथे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे सर्वांत वरची बोली जाहीर झाल्यावरही भाव पसंत नसेल तर शेतकरी ती नाकारू शकतो. चिरंजीवांनी हाच मुद्दा माझ्यापुढे ठेवला : शेतकऱ्याला नकाराचा हक्क आहे, मग आम्हाला का नसावा? उत्तर असे की, शेतकऱ्याचा तो हक्क लिलावाच्या नियमांतच लिहिलेला आहे. बोली लावणाऱ्या प्रत्येक अडत्याला आणि खरेदीदाराला तो आधीपासून ठाऊक असतो, आणि तो हिशेब मनात धरूनच तो भाव बोलतो. करमाळ्याच्या गृहस्थांना असे काहीही सांगितलेले नव्हते. किमान किंमत नाही, नकाराची अट नाही, मुदत संपताच वरची बोली विजयी, असे त्यांनी पडद्यावर वाचले होते. नकाराचा हक्क राखून ठेवता आला असता, पण तो राखला नव्हता, आणि खेळ संपल्यावर नियम बदलण्याची सोय कोणालाच नसते.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. आपला मालविक्री अधिनियम १९३० चा आहे. त्याच्या ६४ व्या कलमात लिलावाचे नियम आहेत. हातोडा पडला, किंवा रूढीप्रमाणे अन्य रीतीने विक्री झाल्याचे पुकारले गेले, की विक्री पूर्ण होते; तोपर्यंत बोलणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विकणारा राखीव किंमत ठेवू शकतो. स्वतः बोली लावण्याचा हक्कही तो राखू शकतो, परंतु तो उघडपणे जाहीर करून. जाहीर न करता स्वतः बोली लावणे किंवा आपला माणूस बसवून ती लावून घेणे बेकायदेशीर आहे, आणि भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली गेली असेल तर ती विक्री रद्द ठरवण्याचा पर्याय खरेदीदाराला आहे. ऑनलाइन लिलावात हातोडा नसतो, असतात ते घड्याळ आणि संकेतस्थळाच्या अटी. ज्या अटींना आपण ‘मान्य’ म्हणून टिचकी मारतो त्यांत घड्याळ थांबताच करार झाला असे लिहिले असेल, तर ते घड्याळ हाच हातोडा. अटींची ती पाने कोणी वाचत नाही. आमच्या बँकेतही कर्जाच्या करारपत्राची पाने कोणी वाचत नसे. सही कोठे करायची एवढेच विचारीत.

परदेशांत या प्रश्नावर न्यायालयांनी फार स्पष्ट निकाल दिले आहेत. जर्मनीत एकाने आपली जुनी फोक्सवॅगन पसाट मोटार एक युरोच्या आरंभीच्या किमतीने ईबेवर ठेवली. एका ग्राहकाने ५५५.५५ युरोपर्यंतची बोली नोंदवून ठेवली होती. दुसरी बोली नसल्याने भाव एक युरोवरच होता. इतक्यात विकणाऱ्याला बाहेर ४,२०० युरो देणारा भेटला आणि त्याने लिलाव मध्येच बंद केला. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१४ रोजी निर्णय दिला की एक युरोचा करार खरा आहे. मोटारीची किंमत ५,२५० युरो धरली गेली आणि विकणाऱ्याला ५,२४९ युरो भरपाई द्यावी लागली. किमान किंमत न ठेवण्याचा धोका त्याने स्वतःहून पत्करला होता, हे न्यायालयाचे म्हणणे. ऑस्ट्रेलियात २००७ साली दुसऱ्या महायुद्धातील विरावे जातीच्या विमानाचा असाच खटला झाला. दीड लाख डॉलरच्या किमान किमतीलाच बोली संपली, विकणाऱ्याला दुसरीकडून एक लाख डॉलर जास्त मिळत होते, आणि न्यायालयाने विमान पहिल्याच्याच हवाली करावयास लावले.

इंग्लंडचा २००० सालचा निकाल तर इंदापूरच्या डाळमिलीच्या अगदी जवळचा आहे. मोटारीचे इंजिन तपासणारी दोन नवी यंत्रे राखीव किमतीविना लिलावात आली. प्रत्येकाची बाजारातील किंमत सुमारे १४,००० पौंड. पुकारणाऱ्याने पाच हजार म्हणून पाहिले, तीन हजार म्हणून पाहिले, कोणी बोलेना. एका गृहस्थाने प्रत्येकी २०० पौंड बोली केली आणि पुकारणाऱ्याने घाबरून यंत्रेच मागे घेतली. अपील न्यायालयाने त्या गृहस्थास २७,६०० पौंड देवविले. राखीव किंमत नाही असे एकदा जगाला सांगितले, की भाव कमी आला म्हणून माल मागे घेता येत नाही, असा त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे येतो, आणि जेथे माझी हयात गेली त्या बँकेच्या लिलावाकडे. थकीत कर्जासाठी गहाण मालमत्तेचा लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतो आणि आता तो बहुतांशी ऑनलाइनच होतो. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. आधी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत काढून घेतली जाते, मग राखीव किंमत ठरते, जाहीर नोटीस निघते. बोली लावणाऱ्याकडून अनामत घेतली जाते. विजयी बोलीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते आणि उरलेली सर्वसाधारणपणे १५ दिवसांत. राखीव किमतीहून कमी बोली मंजूर होऊ शकत नाही. म्हणजे सगळी सावधगिरी बोली सुरू होण्यापूर्वी घ्यायची, असा या रचनेचा रोख आहे. विक्रीला बँकेची मंजुरी लागते हे खरे. सरकारी लिलावांतही अंतिम मंजुरी मिळेपर्यंत सर्वांत वरच्या बोलीवाल्याचा पक्का हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. परंतु ती मंजुरी लहरीवर नाकारता येत नाही, हेही त्याच न्यायालयांनी सांगितले आहे.

मुंबईच्या एका प्रकरणाने हे अगदी ठळक झाले. सेलिर एलएलपी विरुद्ध बाफना मोटर्स (मुंबई) या नावाने तो निकाल ओळखला जातो. विकणारी होती युनियन बँक ऑफ इंडिया. मालमत्तेचे आधीचे लिलाव प्रतिसादाअभावी फसले होते. शेवटी ३० जून २०२३ रोजीच्या ई-लिलावात राखीव किंमत १०५ कोटी होती आणि बोली आली १०५.०५ कोटींची. केवळ पाच लाखांनी अधिक! खरेदीदाराने सगळी रक्कम मुदतीत भरली. दरम्यान कर्जदार कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवून घेण्याची तयारी तिने दाखवली. मुंबई उच्च न्यायालयाने तशी परवानगी दिली, आणि बँकेनेही विक्रीचा दाखला न देता तो मार्ग पत्करला. बँकेच्या दृष्टीने पाहता सुमारे २४ कोटी जास्त मिळत होते. मी त्या खुर्चीत असतो तर वरिष्ठांचा मला काय निरोप आला असता, याची कल्पना करू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी हे सर्व फिरवले. कायदेशीर मुद्दा असा होता की, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो. परंतु त्याबरोबर न्यायालयाने बँकेच्या वर्तनावर कठोर शब्दांत नापसंती दाखवली आणि लिलावाचे पावित्र्य राखले पाहिजे असे बजावले. पैसे भरून बसलेल्या खरेदीदाराला दाखला न देता बँकेने दुसऱ्याशी बोलणी करणे न्यायालयाला मुळीच मानवले नाही. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, नाहीतर गैरसमज होईल. खरेदीदाराने स्वतःच न्यायालयात वाढीव रक्कम देण्याची तयारी दाखवली होती, म्हणून न्यायालयाने त्याला आणखी २३.९५ कोटी भरण्यास सांगितले. म्हणजे बँकेचे नुकसान झाले नाही. पण मालमत्ता गेली ती ज्याने लिलावात बोली जिंकली त्याच्याकडेच.

त्याच महिन्यात, ६ सप्टेंबर २०२३ रोजी, आणखी एक निकाल आला होता. दिवाळखोरीत निघालेल्या अमृत फीड्स या कंपनीच्या मालमत्तेचा ई-लिलाव जुलै २०२१ मध्ये झाला. इव्हा अ‍ॅग्रो फीड्स या कंपनीची एकच बोली आली, तीही नेमकी राखीव किमतीएवढी, १० कोटींची. परिसमापकाने दुसऱ्याच दिवशी लिलाव रद्द केला. का, तर पुन्हा घेतल्यास जास्त मिळेल अशी आशा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रीतसर झालेला लिलाव केवळ अधिक किमतीच्या अपेक्षेने रद्द करता येत नाही. राखीव किंमत तुम्हीच ठरवली होती, ती मिळाली, आता तक्रार कसली?

चिरंजीवांचा खरा आक्षेप मात्र कायद्याचा नव्हता. करमाळ्याचा मनुष्य १,६२,००० रुपयांसाठी न्यायालयात जाणार आहे थोडाच, असे ते म्हणाले. हे व्यवहारी सत्य मी नाकारीत नाही. न्यायालयात जाण्याचा खर्च आणि वेळ पाहता बहुतेक खरेदीदार दोन शिव्या देऊन गप्प बसतात, आणि संकेतस्थळवाले फार तर विकणाऱ्याचे खाते काही दिवस बंद ठेवतात. म्हणूनच हा प्रश्न उरतो तो आपल्या वर्तनाचा. समोरच्याची ताकद कमी आहे एवढ्यावर शब्द मोडायचा असेल, तर ज्या पेढीवर गेल्या तीन पिढ्यांत तोंडी सौदे झाले आणि चिठ्ठीवर हुंडी वटली, त्या पेढीची पत कशावर उभी होती हे चिरंजीवांनी आजोबांच्या वह्यांत पाहावे. भाव पडला म्हणून आजोबांनी सौदा मोडल्याची एक तरी नोंद त्यांना सापडते का, ते त्यांनी मला सांगावे.

आणि ते ‘यंत्र नादुरुस्त झाले’ हे कारण! मला ९८,००० रुपयांपेक्षा याचे अधिक वाईट वाटले. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया हा एक आहे. खोटा लेख करणे, असा त्याचा सरळ अर्थ. आपण तो खोट्या दस्तऐवजाशी, बनावट वहीशी जोडतो. मोबाइलच्या पडद्यावर ‘रद्द करण्याचे कारण’ या चौकोनात खोटे कारण निवडणे हे त्याच जातीचे आहे, मग त्याला शाई लागत नसली तरी. भाव कमी आला म्हणून देत नाही, असे खरे लिहिण्याची सोय बहुधा त्या यादीत नसते, यावरूनच काय ते समजावे.

तरीही प्रत्येक कमी बोली डोळे मिटून पाळावी, असे मी म्हणत नाही. एका शून्याची चूक होऊन दोन लाखांची वस्तू वीस हजारांना ‘त्वरित विक्री’त गेली, आणि घेणाऱ्यालाही ती चूक आहे हे स्पष्ट दिसत होते, तर तो प्रकार वेगळा. तेथे ताबडतोब कळवावे, चूक सिद्ध करावी, आलेले पैसे त्याच दिवशी परत करावेत. तसेच खरेदीदारांनी आपसांत साटेलोटे करून भाव पाडला असेल, सगळ्यांनी मिळून एकालाच बोलू दिले असेल, तर विकणाऱ्याने विरोध केलाच पाहिजे. मात्र त्यासाठी संशय पुरत नाही, पुरावा लागतो. बोली लावणारे कमी आले, मंगळवार होता, फोटो अंधारात काढले होते, एवढ्यावरून साटेलोटे सिद्ध होत नाही. डाळमिलीच्या संचाचे फोटो मी पाहिले. मोटारीवरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. अकलूजच्या व्यापाऱ्याला तो लिलाव चालू असताना दिसलाच नाही, यात नवल नाही.

पुढच्या वेळी काय करावे, असे त्या घराने विचारले म्हणून थोडे लिहितो. किमान किंमत ठेवावी. ती ठेवल्याने बोली कमी येतात हे काही अंशी खरे असले, तरी ज्या किमतीखाली द्यायचेच नाही ती किंमत मनात ठेवून उपयोग नाही, ती पडद्यावर दिसली पाहिजे. ती ठरवताना घरच्या आठवणींची किंमत त्यात मिसळू नये. दोन बाहेरच्या माणसांना विचारावे, भंगाराचा भावही विचारावा, कारण तो तळ असतो. नकाराचा हक्क हवा असेल तर वर्णनाच्या पहिल्या ओळीत तसे लिहावे. मुदत रविवारी संध्याकाळी संपेल अशी ठेवावी. भाव चढावा म्हणून मेहुण्याला किंवा दुकानातल्या मुलाला बोली लावायला सांगू नये. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, म्हणून स्पष्ट लिहिले.

राहिला अनामतीचा विषय. काही विक्रेते संकेतस्थळाबाहेर, थेट आपल्या खात्यावर पाच-दहा हजार इसार मागून घेतात. बोली दुसऱ्याला गेली, की हरलेल्यांचे पैसे त्याच दिवशी परत गेले पाहिजेत. ‘पाहू, पुढच्या मालात वळते करू’ म्हणून ते महिना महिना ठेवून घेणे म्हणजे दुसऱ्याची ठेव वापरणे होय, आणि न्यासापहार हा अतिचारही त्याच सूत्रात कूटलेखक्रियेच्या शेजारीच आहे. बँकेत आम्ही हरलेल्या बोलीदारांची अनामत परत केल्याची नोंद लिलावाच्या फाइलमध्ये विजयी बोलीच्या नोंदीच्या आधी लावीत असू. घरगुती लिलावासाठी फाइल नको. एक वही पुरे. तीत बोली लावणाऱ्याचे नाव, रक्कम, आलेली तारीख आणि परत दिलेली तारीख, असे चार रकाने आखावेत.